हाफकिन : लस, बूच आणि एक चिमटा

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडते आणि घोरावाडी येण्यापूर्वी बेगडेवाडीच्या लहानशा स्थानकात क्षणभर थांबते. चार माणसे उतरतात, चार चढतात, गाडी पुढे जाते. इतिहासाने या स्थानकाची खास दखल घेतलेली नाही. मात्र ज्या लोहमार्गावर ते उभे आहे, त्याचा आणि मावळातल्या लेकराबाळांच्या जिवाचा संबंध जुना आहे. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. १८६३ मध्ये बोरघाट पार झाला आणि मुंबई व पुणे सलग जोडली गेली. या मार्गाने माल आला, माणसे आली. आणि १८९६ च्या अखेरीस मुंबईतून पळालेल्या माणसांबरोबर ग्रंथिक सन्निपातही, म्हणजे प्लेगही, पुण्याकडे आला.

त्यापूर्वी आयांच्या मनात धाक होता तो पटकीचा. महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या गावांच्या शिवेवर मरीआईचे ठाणे आढळते, ते उगाच नव्हे. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा सजवून गावाबाहेर, पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन सोडायचा, एवढाच उपाय लोकांच्या हाती होता. यात सर्वांत आधी बळी पडत ती लहान मुले. प्रौढ माणसाच्या शरीरातील पाणी जुलाबावाटे निघून जाण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून फार थोड्या वेळात दोन वर्षांचे मूल कोरडे पडते. सकाळी अंगणात खेळणाऱ्या मुलाचे डोळे दुपारी खोल जात, कातडी चिमटीत धरली तर तशीच राही, आणि दिवस मावळेपर्यंत सारे संपलेले असे. ज्या पाण्याने ते मूल आजारी पडले, तेच पाणी आई त्याला घोटघोट पाजीत राही. त्या पाण्यात काय आहे हे तिला कोणी सांगितलेले नव्हते, आणि १८८४ पर्यंत तसे सांगू शकेल असा माणूसही फारसा कोठे नव्हता. त्या वर्षी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा पटकीचा जंतू दाखवून दिला.

या जंतूशी पहिली मोठी झुंज भारतात जो माणूस खेळला, तो ना भारतीय होता ना इंग्रज. मुंबईत परळला त्याच्या नावाची संस्था आजही उभी आहे. ते नाव घेतले की सापाचे विष, पोलिओचा डोस, सरकारी औषधखरेदी असे बरेच काही आपल्याला आठवते. माणूस मात्र आठवत नाही.

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. आई लहानपणीच गेली. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हा शोध लावून पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच. १८८१ मध्ये ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडले गेले आणि मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकल्यामुळे सुटले. विद्यापीठात नोकरी हवी असेल तर ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, अशी अट आली. त्यांनी ती नाकारली आणि प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील जागेवर समाधान मानले. पुढे ते जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तेथे त्यांच्यासाठी जी जागा होती ती संशोधकाची नव्हे, सहायक ग्रंथपालाची. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळी सूक्ष्मदर्शकाशी बसायचे, असा त्यांचा क्रम होता.

पटकीवरील त्यांची लस दोन टप्प्यांची होती. पहिल्या टोचणीत उष्णतेने दुबळे केलेले जंतू असत. दुसऱ्या टोचणीतील जंतू गिनीपिगच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन अधिक तीव्र केलेले असत. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि काही दिवसांत ते बरे झाले. मग मित्रांना टोचली. एवढ्यावर युरोपातील वैद्यकविश्वास पटवणे कठीण होते, कारण खरी कसोटी जेथे साथ आहे तेथेच लागणार. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांनी भारताचा मार्ग सुचविला आणि १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

वाटेत इंग्लंडमध्ये घडलेली एक गोष्ट त्यांच्या चरित्रात बहुधा एका ओळीत उरकली जाते. तिला त्याहून अधिक जागा मिळायला हवी. नेटली येथील लष्करी वैद्यकीय शाळेत त्यांची आल्मरॉथ राइट यांच्याशी भेट झाली. हाफकिन यांचे काम पाहून राइट यांनी हीच कल्पना विषमज्वराला लावली, फक्त जिवंत जंतूंच्या जागी मारलेले जंतू घेतले. विषमज्वराची पहिली लस १८९६ च्या सुमारास अशी तयार झाली. विषमज्वराचा जंतूही पटकीप्रमाणेच पाण्यातून आणि अन्नातून, न धुतलेल्या हातांतून मुलांच्या पोटात जातो. १२२ वर्षांनंतर, २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या लाखाहून अधिक मुलांना विषमज्वराची नव्या पद्धतीची लस दिली. ती मोहीम शहराच्या सुमारे अर्ध्या भागात आधी घेतली गेली आणि उरलेल्या भागाशी तुलना करून लसीचा गुण मोजला गेला. अर्ध्यांना द्यायचे आणि उरलेल्यांशी ताडून पाहायचे, ही रीत भारतात प्रथम कोणी रुजवली याचा शोध घेत गेलो तर आपण पुन्हा हाफकिन यांच्यापाशीच येऊन थांबतो.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या आरोग्याधिकाऱ्यांनी त्यांना शहरातील बस्त्यांत बोलावले. कट्टलबागान नावाच्या बस्तीत एका तळ्याभोवती सुमारे २०० माणसे राहत होती. पिण्याचे, धुण्याचे आणि आंघोळीचे पाणी त्या एकाच तळ्याचे. हाफकिन यांनी त्यांपैकी ११६ जणांना लस टोचली. त्यानंतर वस्तीत पटकीचे आणखी दहा रुग्ण निघाले, त्यांतील सात दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. पुढे आसामच्या चहामळ्यांत त्यांनी हजारो मजुरांना टोचले. १८९५ मध्ये मलेरियाने खंगून ते इंग्लंडला परतले, तोवर सुमारे ४२ हजार माणसांना त्यांची लस मिळाली होती.

त्या लसीबद्दल आज खरे तेच सांगितले पाहिजे. तिचे संरक्षण फार काळ टिकत नसे आणि तळ्याचे पाणी ती शुद्ध करू शकत नव्हती. टोचण्याच्या पटकीलसीचे प्रमाणपत्र प्रवाशांकडून मागण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ मध्ये बंद केली. त्यांची जागा पुढे तोंडावाटे देण्याच्या लसींनी घेतली. जुलाबाने कोरड्या पडणाऱ्या मुलाला वाचविण्याचे श्रेय लसीपेक्षा मीठ-साखर-पाण्याच्या साध्या मिश्रणाला अधिक जाते, हेही खरे. हाफकिन यांचे मोठेपण निराळ्या ठिकाणी आहे. जंतूविरुद्ध माणसाचे शरीर आधीच सज्ज करता येते, हे त्यांनी प्रयोगशाळेत नव्हे तर वस्तीत, आकडे मांडून दाखवले.

मुंबईत प्लेग आला तो मांडवीत. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅशियो गॅब्रियल व्हिएगस यांनी तो ओळखला. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठविले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले. मदतनीसांपैकी कोणी आजारी पडले, कोणी काम सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत.

त्यांची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी होती. मांसाच्या कोमट रश्श्यावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू या तुपाला धरून खाली लोंबत वाढत, गुहेच्या छताला चुनखडीचे खांब लोंबतात तसे. बाटली हलवली की ते तळाशी पडत आणि पुन्हा नवे वाढत. पुरेसे झाले की सारे द्रावण तासभर ६५ ते ७० अंश उष्णतेत ठेवून जंतू मारायचे, की लस तयार.

ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घराने या बाटलीकडे जरा निरखून पाहावे. जंतूंना जे मानवते, तेच तान्ह्या मुलालाही मानवते : कोमटपणा, ओलावा आणि पौष्टिक अन्न. बोंडल्यात उरलेले दूध, सकाळी केलेली आणि दुपारपर्यंत झाकून ठेवलेली पेज, फोडणीच्या वरणात कालवलेला आणि अर्धा उरलेला भात यांत आणि हाफकिन यांच्या बाटलीत जंतूंच्या दृष्टीने फारसा भेद नाही. फरक एवढाच की हाफकिन काय वाढवीत आहोत हे जाणून वाढवीत होते आणि नंतर ते तापवून मारीत होते. बोंडल्याची चोच आणि दुधाच्या बाटलीचे बूच आतून नीट घासता येत नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञ वाटी-चमच्याचा आग्रह धरतात. तो चमचाही उकळलेला हवा, हे मात्र घाईत राहून जाते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, आणि मात्रा नंतर इतरांना दिली त्याहून कितीतरी मोठी, १० घनसेंटिमीटर. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथे स्वखुशीने पुढे आलेल्या १४७ कैद्यांना लस दिली गेली, १७२ जणांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून सहा मेले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मेले कोणी नाही. कैद्याच्या स्वखुशीला कितपत स्वखुशी म्हणावे, हा प्रश्न आजच्या कोणत्याही नीतिसमितीने विचारला असता, आणि तो रास्तच ठरला असता.

त्याहून मनाला चटका लावणारा प्रयोग १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी झाला. गावातील प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करून एका भागाला लस देण्यात आली, दुसऱ्याला नाही. म्हणजे घर तेच, अन्न तेच, उंदीर आणि पिसवा त्याच. फरक केवळ टोचणीचा. नंतर २८ कुटुंबांत प्लेग आला. त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडून तीन दगावले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. शास्त्राच्या दृष्टीने याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळावा. पण ज्या घरात एक भावंड एका बाजूला आणि दुसरे दुसऱ्या बाजूला गेले असेल, त्या घरातील आईने पुढे या आकड्यांचे काय केले असेल, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते.

लस होती, तरी लोक ती घेण्यास बिचकत होते. टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, कामाचे दोन दिवस बुडत. सरकारवर विश्वास नव्हता आणि तो नसण्यास कारण होते. पुण्यात रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांनी घरोघर शिरून जी झडती मांडली, तिने लोकांची मने इतकी पोळली की २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला, मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला आपल्या पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या होत्या. ज्या वर्षी भायखळ्यात लस तयार झाली, त्याच वर्षी पुण्यात हे सारे घडत होते. हाफकिन सक्तीच्या बाजूचे नव्हते. माणसाला समजावून, त्याच्यादेखत आधी स्वतः टोचून घेऊन, मग त्याचा दंड मागावा, अशी त्यांची रीत होती. आगाखान तिसरे तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर वारंवार टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. त्यानंतर त्या समाजातील हजारो माणसे पुढे आली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले.

येथून तीन वर्षांनी जे घडले, त्याने त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे केले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस परळहून गेली होती. त्यांपैकी ५३ एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. मग तो बाटलीत कोठे शिरला, परळला की मुलकोवालला?

चौकशी समिती नेमली गेली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे अध्यक्ष होते. हाफकिन यांनी उत्पादन वाढविण्यासाठी एक बदल केलेला होता. द्रावणात कार्बोलिक आम्ल घालणे बंद करून ते केवळ उष्णतेवर निर्जंतुक करण्याची पाश्चर संस्थेतील पद्धत त्यांनी घेतली होती. समितीचे बोट या बदलाकडे वळले आणि दोष परळच्या माथी आला. १९०३ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून लंडनला गेले.

पुराव्यात मात्र दुसरी एक गोष्ट नोंदलेली होती. मुलकोवालला बाटलीचे बूच काढण्यासाठी जो चिमटा वापरला गेला, तो सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून घेण्याऐवजी कार्बोलिकमध्ये नुसता बुचकळून पुन्हा वापरला गेला. टोचण्यापूर्वी डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला होता आणि त्यांना तो शुद्ध वाटला होता. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत ४१ दिवस वाढत असते तर तिला दुर्गंधी आल्यावाचून राहिली नसती. लंडनच्या लिस्टर संस्थेलाही बाटली उघडतानाच दोष शिरल्याचा संभव अधिक वाटला. तरीही वर्षे गेली. अखेर मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळविलेले रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हाफकिन दोषमुक्त झाले. फ्रान्समधील ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस यांच्यावरील अन्यायाची आठवण त्या काळी अनेकांना झाली. हाफकिन ज्यू होते, रशियन होते आणि वैद्यकाची पदवी नसलेले होते. सरकारी वैद्यकीय सेवेत या तिन्ही गोष्टी त्यांच्या विरुद्ध गेल्या, असे मानण्यास भरपूर जागा आहे.

धनुर्वाताचा हा जंतू आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीस अनोळखी नव्हता. नाळ कापताना वापरलेला विळा किंवा पाते न उकळलेले असे, नाळेवर राख किंवा शेण लावले जाई, आणि सातव्या-आठव्या दिवशी मूल दूध ओढेनासे होई. सटवाईचा कोप म्हणून त्याची बोळवण होत असे. चिमटा ज्योतीवर धरला असता तर १९ जीव वाचते. पाते पाण्यात उकळले असते तर किती अर्भके वाचती याची मोजदादच नाही. गरोदर मातांना लस, उकळलेले नवे पाते आणि दवाखान्यातील बाळंतपण या तिन्हींच्या जोरावर २०१५ मध्ये भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले.

हाफकिन परत आले ते कलकत्त्यास. परळची जागा भरली गेली होती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांना नव्या लसींचे प्रयोग करण्याची मोकळीक नव्हती. लिहा, वाचा, पण माणसांना टोचू नका, असा तो प्रकार होता. दोषमुक्ती झाली, काम मात्र परत मिळाले नाही. १९१४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, निवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले. उरलेली वर्षे त्यांनी आपल्या धर्माच्या अभ्यासात आणि पूर्व युरोपातील ज्यूंच्या कामात घालवली. त्यांनी लग्न केले नव्हते.

इकडे परळहून लस जातच होती. १८९७ ते १९२५ या काळात तिच्या २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईहून पाठवल्या गेल्या. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्याचे ठरले. संचालकांनी ते त्यांना कळविले, तेव्हा आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेल्याची भावना त्यांनी उत्तरात व्यक्त केली. मुलकोवालचा त्यात उल्लेख नव्हता. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहावयास गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच वारले. साठवलेला सारा पैसा त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवला होता. भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले ते १९६४ मध्ये.